जॅक गाडी उचलतो, सांभाळत नाही

व्यापारी बांधव मालाचा विमा उतरवतात, गोदामाला दोन कुलपे लावतात. पण माल आणणारी गाडी वाटेत पंक्चर झाली तर चाक कसे काढावे, हे दुकानातील मुलाला कोणी शिकवत नाही. आम्हीही शिकवले नव्हते. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने मोजली, म्हणून हा धडा लिहीत आहोत.

२०१८ च्या मे महिन्याची अखेर होती, रमजान चालू होता. ईदच्या गिऱ्हाइकीसाठी नागपूरच्या गांधीबागेतून कापडाच्या गाठी भरून आमची जुनी ओमनी कामठीमार्गे कन्हानला येत होती. नदीच्या पुलाजवळ उतारावर मागचे चाक बसले. फोनवर आम्ही एवढेच म्हणालो, "लवकर आटोप, गिऱ्हाईक खोळंबले आहे." मुलाने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, जॅक लावला. चाक निघताच गाडी पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि त्याची दोन बोटे ब्रेकच्या ड्रमखाली आली. जखम भरली, पण बोटे सरळ झाली नाहीत. आजही थान उलगडताना त्याचा हात अडखळतो. चूक त्याची नव्हती, घाई आमची होती.

गाडी सरकली का, ते समजून घेऊ. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो. ओमनी, ईको किंवा टाटा एससारख्या गाड्यांत इंजिनाची ताकदही मागच्याच चाकांना जाते. त्यामुळे पुढची दोन्ही चाके मोकळीच राहतात. मागचे एक चाक उचलले की गाडी रोखायला एकच चाक जमिनीवर उरते. हँडब्रेक ढिला असेल तर गिअरचाही भरवसा नाही, कारण डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक सुलटे चालू लागते.

म्हणून पुढील क्रम पाठ करावा व गाडी चालवणाऱ्याकडून एकदा दुकानासमोर करवून घ्यावा.

१. गाडी हळूहळू सपाट व टणक जागी न्यावी. टायर फाटला तरी चालेल. रस्त्यावरच थांबावे लागले तर धोक्याचे दिवे लावून निदान पन्नास पावले मागे त्रिकोण ठेवावा. महामार्गावर आणखी मागे ठेवावा.

२. माणसे उतरवावीत. गाठी भरलेल्या असतील तर त्या उतरवाव्यात. गाडीसोबतचा जॅक भरल्या गाडीसाठी नसतो.

३. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी. मग उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके किंवा विटा लावाव्यात. आमच्या गाडीत हेच झाले नव्हते.

४. स्टेपनी आधी बाहेर काढावी. काही गाड्यांत ती मागे पोटाखाली टांगलेली असते. ती जॅक लावल्यावर काढायला जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

५. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला झटका दिला की गाडी जॅकवरून घसरते.

६. जॅक कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि उन्हाळ्यातील मऊ डांबरात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी ठेवावी.

७. गाडी थोडी उचलली की स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवावी. जॅक निसटला तरी गाडी तिच्यावर बसेल. चाक काढल्यावर ते तिथे सरकवून मग स्टेपनी घ्यावी. हवा भरलेल्या चाकाला जास्त उंची लागते, हे लक्षात ठेवावे.

८. नट समोरासमोर आवळावेत. गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा पक्के आवळावेत. पन्नास किलोमीटरनंतर एकदा तपासावेत.

हल्ली काही हौशी तरुण स्पोर्ट्स कार घेतात. तिचे पोट इतके खाली असते की साधा जॅक आत जातच नाही. कडेला कुठेही जॅक अडकवला तर पत्रा वाकतो, फायबर फुटते. अशी गाडी आधी दीड-दोन इंची रुंद फळ्यांवर सावकाश चढवावी, मग बुटका ट्रॉली जॅक ठरलेल्या जागी लावावा. चाक बराच वेळ काढून ठेवायचे असेल तर गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी. अशा कित्येक गाड्यांत स्टेपनी नसतेच, तेव्हा टो गाडी बोलावणे स्वस्त पडते. पण गाडी लाखाची असो वा कोटीची, जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय किंवा डोके घालायचे नाही. हा नियम सर्वांना सारखाच.

एक हातभर फळी, चार गुटके व एक त्रिकोण यांचा खर्च एका साध्या शर्टपीसपेक्षा जास्त नाही. या वस्तू आता आमच्या प्रत्येक गाडीत असतात. आणि पंक्चरचा फोन आला की आम्ही आधी विचारतो, "गुटके लावले का?" गिऱ्हाइकाला आम्ही चहा पाजतो, ते थांबते.

तवक्कल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. आपल्याकडे नोकरीला असलेले मूल ही त्याच्या आईवडिलांची आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. मालाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते, बोटे निघत नाहीत. अल्लाह सर्वांना सलामत ठेवो. आमीन.