पाडकामापूर्वी मलवाहिनीची दक्षता

जुनी इमारत पाडताना भिंतींची काळजी घेतली जाते. जमिनीखालील वाहिन्यांचा मात्र विसर पडतो. मुंबईत मलवाहिन्या व पर्जन्यजलवाहिन्या स्वतंत्र आहेत. पाडकामापूर्वी नळजोडणी बंद करून मलजोडणीचे तोंड पक्के बुजवावे. शेजारचे सांडपाणी त्याच वाहिनीतून जात असल्यास त्यास आधी पर्यायी मार्ग द्यावा. उघड्या तोंडातून राडारोडा आत गेल्यास वाहिनी तुंबून शेजारच्या घरांत मैलापाणी उलटते. धूळ बसविण्यासाठी मारलेले पाणी गाळ घेऊन वाहते; ते खड्ड्यात निवळवूनच पर्जन्यजलवाहिनीत सोडावे.

तुंबलेल्या मलवाहिनीत विषारी वायू साचतो. सुरक्षासाधनांविना तीत सफाईसाठी माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. वेळीच बुजविलेले एक तोंड हा जीवघेणा प्रसंगच टाळू शकते.