राखेचं सिमेंट घ्यावं का? तीन गोण्यांचा हिशेब

"राखेचं नको, ओरिजिनल द्या," असं दुकानात सांगण्याआधी गोणीवरची अक्षरं वाचा. पीपीसी म्हणजे १५ ते ३५ टक्के कोळशाची राख, पीएससी म्हणजे २५ ते ७० टक्के पोलादभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग. ही भेसळ नव्हे. आयएस १४८९ आणि आयएस ४५५ ही मानकंच तशी आहेत. राख नि स्लॅग म्हणजे खाणीतल्या कोळशाचा नि खनिजाचा उरलेला भाग. आपल्या मुंबईजवळ डोलवीला पोलाद कारखान्याच्या स्लॅगपासून सिमेंट होतं. खाणीकाठचा हलका चुनखडक नि चिकणमाती वापरता येईल अशा एलसी-३ सिमेंटला २०२३ मध्ये मानक मिळालं, पण नाक्यावरच्या दुकानात ते सहसा दिसत नाही.

आता खर्च. ३०० चौरस फूट भिंतीला १२ मिमी प्लास्टर, एकास चार माल, म्हणजे वाया जाणारं धरून तीनेक गोण्या. पन्नास किलोची गोणी ३५० ते ४०० रुपये धरा. ओपीसी, म्हणजे राख-स्लॅग न मिसळलेलं ते 'ओरिजिनल' सिमेंट, गोणीमागे वीस रुपयांनी महाग पडलं, तरी सगळ्या कामात फरक साठ रुपयांचा! घाटकोपरच्या जुन्या इमारतीत लिफ्टमधून माल न्यायला मनाई असेल, तर जिन्याची हमाली एवढे पैसे सहज खाऊन टाकते. भाव विचारताना पोच आणि मजल्याची हमाली धरूनच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या कराने ४०० ला पडणारी गोणी त्यामुळे ३६९ च्या आसपास यायला हवी, तेव्हा बिल मागाच.

खरा खर्च पाण्याचा आणि दिवसांचा. आयएस ४५६ प्रमाणे ओपीसीच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायचं, राखेच्या किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान दहा. ही सिमेंटं सावकाश जोर धरतात. मिस्त्री चौथ्या दिवशी फरशी बसवायची घाई करणारच. पाणी मारायला हेल्पर येणार असेल, तर त्या जादा तीन दिवसांचा रोज आधीच ठरवून घ्या. नाहीतर सकाळ-संध्याकाळ पाइप स्वतः धरा.

गोराईच्या खाडीकडे बाल्कनी असेल तर मी स्लॅगचंच घेईन. खारी हवा सळईपर्यंत पोचायला त्यात जास्त वेळ लागतो. मात्र गोणीवरचा आठवडा आणि वर्ष बघा. तीन महिन्यांहून जुनी गोणी दुकानदार पन्नास रुपये कमी करून देत असला, तरी परत करा.