थकलेल्या बिलाबद्दल भाच्याला

चि. बाळास,


पाथर्डीकडच्या जलजीवन पाणीयोजनेच्या तुझ्या ठेक्याचं तू फोनवर सांगितलंस. टाकी उभी राहिली, पाइप पुरले, आणि बिलाच्या वेळी ‘निधी नाही’. सरपंच म्हणतात, उरलेलं उरकून टाक, सरकारचे पैसे कुठं जातात? कुठं जात नाहीत, पण येतही नाहीत. ताईचं सोनं गहाण टाकायचा विचार आजच सोड.

2019 मध्ये केंद्राची ही जलजीवन योजना सुरू झाली तेव्हा मुदत 2024 ची होती. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती 2028 पर्यंत वाढली. मुदत वाढली म्हणजे पैसे आले असं समजू नकोस. आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात; हप्ता वर अडला की बिल खाली अडतं. 2022 च्या जुलैत तर सरकार बदलताच आधी मंजूर झालेल्या कामांवर स्थगिती आली आणि लोकांना उच्च न्यायालय गाठावं लागलं.

म्हणून आधी झालेल्या कामाचं संयुक्त मोजमाप करून घे. चर बुजले, त्यावर गवत आलं की पाइप किती खोल आहे यावर वाद घालायला सगळे मोकळे. मोजमाप पुस्तकात (एमबीत) नोंद झाल्याशिवाय पुढचा खड्डा खणू नकोस. ‘निधीअभावी काम थांबलं’ असं लिहून मुदतवाढ माग आणि पत्रावर आवक क्रमांक घे. नाहीतर उशिराचा दंड तुझ्याच बिलातून कापतील.

थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपायच्या आत कार्यालयानं थकीत रक्कम सहीनिशी लेखी मान्य केली, तर मोजणी नव्यानं सुरू होते. कनिष्ठ अभियंता चहा पाजून ‘देऊ की’ म्हणतात, त्यानं काही होत नाही. वाढीव काम तोंडी सांगतील. तसं काम केलंस आणि गावानं त्याचं पाणी वापरलं, तर करार कायद्याच्या 70 व्या कलमानं मोबदला मागता येतो, पण त्यात वर्षं जातात.

उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावं, या कायद्यावरही विसंबू नकोस. बांधकामाच्या ठेक्याला तो कायदा लागतो का, यावरच कोर्टात वाद आहेत. तुझा पाइपवाला छोटा कारखानदार असेल, तर तो मात्र तुझ्यावर तोच कायदा काढेल, व्याजासकट. त्याला आधी भेट, हप्ते ठरव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा