आई समोर असताना काकांची सही कशाला?

फिरतीवरच्या माणसाचं घर कसं चालतं, हे वाळूज-शेंद्र्यातल्या इंजिनिअरांच्या बायकांना विचारा. आमचे हे मशीन बसवायला महिना-महिना परराज्यात असतात. जायकवाडी भरो न भरो, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री उठून टाकी मीच भरते. शाळा, टँकरवाला, सासूबाईंची शुगर, सगळं माझ्याकडे. त्याची तक्रार नाही. तक्रार त्या रात्रीची आहे.

लेकाच्या पोटात कळा येत होत्या, उलट्या थांबेनात. सोनोग्राफीत अपेंडिक्स निघालं. लगेच ऑपरेशन करायचं, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं. संमतीपत्रावर सही करायला गेले, तर हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, “ताई, सोबत जेन्ट्स कोणी नाही का? वडिलांची सही लागते.” ह्यांचा फोन लागत नव्हता, साइटवर रेंज नसते. तसं सांगितलं. तर म्हणे, “मग काका, मामा, कोणीही चालेल.”

कोणीही चालेल. फक्त मी चालणार नाही.

दीर बजाजनगरहून येईपर्यंत लेक तसाच कळवळत पडून. ते आले आणि एकेक रकाना मला विचारून भरला. “वहिनी, ह्याचा ब्लड ग्रुप कोणता? कशाची ॲलर्जी? शेवटचं कधी खाल्लं?” उत्तरं माझी, सही त्यांची. दिरांवर राग नाही, ते बिचारे धावत आले. पण त्या माणसानं माझ्याकडे न बघता कागद उचलला, ते मी विसरणार नाही. पोरगा बरा झाला ना, मग सोडून दे, असं सगळे म्हणतात. का सोडू?

नंतर वकिलांना विचारलं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आधी वडील, त्यांच्यानंतर आई, असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा त्यांच्याकडेही वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 17 फेब्रुवारी 1999 च्या निकालानं स्पष्ट केलं, की वडील हयात असले तरी आई आणि मूल राहतात तिथून ते दूर असतील, तर नैसर्गिक पालक म्हणून आई निर्णय घेऊ शकते. म्हणजे आमच्यासारख्या फिरतीवरच्या घरांना हा निकाल लागू पडतो. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. तरी काउंटरवर आईला बाजूला करतात!

म्हणून बायांनो, माझं ऐका.

“वडिलांचीच सही लागते” असं कोणी म्हणालं, तर ते लेटरहेडवर लिहून मागा. तिथं दाद लागली नाही, तर थेट डॉक्टरांना गाठा.

मेडिक्लेमचं कार्ड तुमच्या फोनमध्ये हवं. विमा नियामकाच्या 2024 च्या नियमानुसार कॅशलेसचा निर्णय कंपनीनं तासाभरात द्यायचा असतो. अर्ज गेल्याची वेळ नोंदवून ठेवा.

गॅस, बँक, विमा, सगळीकडे तुमचा नंबर नोंदवा. नाहीतर ओटीपी नवऱ्याच्या बंद फोनवर जातो आणि सिलिंडर दारातून परत. बँकेचं खातं दोघांचं, आणि दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असं.

साइटवरच्या सुपरवायझरचा नंबर नवरा निघण्याआधीच घ्या. 108 आणि 112 मुलांनाही पाठ हवेत.

आणि फिरतीवर जाणाऱ्या भावांनो, “तू बघून घे” म्हणून निघू नका. घर तिच्यावर टाकता, तर कागदोपत्री अधिकारही तिच्या हातात देऊन जा.