शेजारपाजारी मिळून एक इंटरनेट जोडणी : खर्च, वाटणी व जबाबदारी



बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा, ठिबक हे या पानाचे नेहमीचे विषय. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे, पण तोही शेवटी घरखर्चाचा आणि चार माणसांच्या एकोप्याचाच आहे. रिसोड-वाशीम भागात पैनगंगाकाठच्या गावांतून फिरताना आम्हांला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, एका घरी फायबरचं कनेक्शन घेतलं आन् चार घरांनी पैसे वाटून घेतले तर जमते का?"

उत्तर थोडक्यात असे, की जमते. पण सामाईक विहीर जशी जमते तसे. विहीर खणताना कोणी भांडत नाही. भांडण होते ते पुढे, पाळीवरून, मोटार जळाल्यावर आणि लाईटबिल आल्यावर. इंटरनेटचेही तसेच आहे. जोडणी घेणे सोपे, निभावणे अवघड. म्हणून हा धडा आपण क्रमाने घेऊ.

१. आधी गरज ठरवा

जोडणी कशासाठी हवी, हे आधी घरात बसून ठरवावे. याबाबतीत आपल्याच सहकारी साखर कारखानदारीतले एक उदाहरण फार बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी गावोगाव संगणक केंद्रे बसविण्यात आली. खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने आणि १० टक्के स्थानिक संस्थेने उचलला. शेतकऱ्याने गावच्या केंद्रात बसून जगभरची माहिती पाहावी, हा उद्देश होता.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते आपल्या उसाचे वजन, खताची उचल आणि खात्याचा हिशेब पाहण्यासाठी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी तेथील सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहिली. काम भागले आणि खर्चही कमी झाला. यावरून घ्यायचा धडा असा, की साधन मोठे घेतल्याने काम मोठे होत नाही. कामाच्या मापाचे साधन घ्यावे.

आपल्याकडे पाहू. सातबारा काढणे, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरणे, पीएम किसानची ई-केवायसी करणे, या कामांना मोबाइलचे इंटरनेट पुरते. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा फोटो तर वावरातच काढावा लागतो, तिथे घरचे वाय-फाय पोहोचतच नाही. मात्र घरात शिकणारी मुले असतील, स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालू असतील, कोणी घरून काम करीत असेल, किंवा गावात मोबाइलची रेंज कमी असेल, तर फायबर जोडणीचा खरा उपयोग आहे. चार घरांपैकी ज्या घराला ही गरज नाही, त्याला केवळ शेजार म्हणून ओढू नये. असे घर तिसऱ्या महिन्यात पैसे द्यायला कुरकुरते.

२. पाईपचा व्यास आणि टाकीतले पाणी

इंटरनेटच्या जाहिरातीत दोन आकडे असतात, ते वेगवेगळे समजून घ्यावेत. एमबीपीएस म्हणजे पाईपचा व्यास. एका वेळी किती वाहू शकते ते. जीबी म्हणजे टाकीतले पाणी. महिनाभरात एकूण किती वापरता येते ते. ठरलेला साठा संपला की बहुतेक योजनांत जोडणी बंद पडत नाही, पण धार बारीक होते.

आता हिशेब पाहा. स्वच्छ चित्राच्या एका व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस धरू. चार घरांत प्रत्येकी एक व्हिडिओ चालू असेल तर २० लागतात. प्रत्येक घरात टीव्हीवर एक आणि मोबाइलवर एक असे दोन-दोन चालू झाले तर ४० लागतात. म्हणजे ४० एमबीपीएसची जोडणी रात्री नऊच्या सुमारास भरून वाहणार. अशा वेळी पाचव्या घराला सामील करून घेणे म्हणजे तीन अश्वशक्तीच्या मोटारीवर आणखी एक शाखा काढण्यासारखे आहे. शेवटच्या टोकाला पाणीच पोहोचणार नाही.

३. खर्चाचा हिशेब पुरा मांडा

पुष्कळ ठिकाणी फक्त मासिक भाडे चारने भागतात आणि मोकळे होतात. हा हिशेब अपुरा आहे. उदाहरणादाखल भाडे ५०० रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० रुपये, झाले ५९०. ज्याच्या घरी यंत्र बसते त्याचे लाईटबिल धरायला हवे. यंत्र १२ वॅटचे असेल आणि रात्रंदिवस चालू राहिले तर महिन्याला साडेआठ युनिटच्या वर जाते. युनिटला ८ रुपये धरले तर सुमारे ७० रुपये. एकूण ६६०.

चार घरांत वाटणी १६५ रुपये. त्यावर प्रत्येकी १५ रुपये दुरुस्ती निधी ठेवावा. म्हणजे घरटी १८० रुपये. निधीत वर्षाला ७२० रुपये जमतात, त्यातून जळालेला अडॅप्टर किंवा लाईट गेल्यावर यंत्र चालू ठेवणारा छोटा बॅटरी-संच यांचा खर्च निघू शकतो. एक घर गळाले तर उरलेल्या तिघांवर १८० चे २४० होतात, हेही आधीच लक्षात ठेवावे.

राहिला वसुलीचा प्रश्न. शेतकऱ्याच्या हाती दरमहा पैसा नसतो. म्हणून महिन्याच्या महिन्याला वर्गणी मागत फिरण्यापेक्षा वर्षाचे २,१६० रुपये एकदम, उसाचे बिल किंवा सोयाबीनचे पैसे हाती येतील तेव्हा घ्यावेत. काही कंपन्या सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास सूट देतात, तिचाही लाभ सर्वांना सारखा मिळावा.

४. एका घरातून दुसऱ्या घरात

मातीच्या जाड भिंती आणि टिनाचे पत्रे वाय-फायची लहर अडवतात. यंत्रात २.४ आणि ५ असे दोन पट्टे असतात. २.४ चा पट्टा लांब व भिंतीपार जातो, ५ चा वेगवान पण जवळपुरता. शेजारच्या घरासाठी २.४ वापरावा आणि यंत्र कपाटात न ठेवता उंच, मोकळ्या जागी लावावे.

तार टाकायचीच झाली तर तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा १०० मीटर आहे. ही तार उघड्यावरून घराघरांत ताणू नये. पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडतात, तेव्हा अशा तारेतून दोन्ही घरची यंत्रे जळू शकतात. विजेच्या खांबाला तर कोणतीही तार कदापि बांधू नये, त्यात जिवाचा धोका आहे. बाहेरून न्यायची तर फायबरची तार जाणकाराकडून टाकून घ्यावी.

५. नियम काय आहे

हा भाग सभासदांनी दोनदा वाचावा. घरगुती जोडणी ही सर्वसाधारणपणे त्या घरापुरती दिलेली असते आणि ती पैसे घेऊन दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून तीन प्रकार वेगळे धरावेत.

(अ) एकाच वाड्यात राहणारे भाऊभाऊ. हा घरातलाच वापर.

(आ) लागून असलेली दोन-चार घरे, नफा न घेता खर्च वाटून घेणारी. येथे आधी अर्जातील अटी वाचाव्यात आणि कंपनीला विचारून लेखी उत्तर घ्यावे. कंपनी नाही म्हणाली तर तो मार्ग सोडावा.

(इ) आळीभर किंवा गावभर पैसे घेऊन इंटरनेट देणे. हे घरगुती जोडणीवर करूच नये. त्यासाठी सरळ मार्ग उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. पूर्वी गावोगाव पिवळे पीसीओ असत, तसे किराणा दुकानदाराला किंवा चहावाल्याला आता 'पब्लिक डेटा ऑफिस' चालविता येते. त्याला वेगळा परवाना किंवा परवाना-शुल्क लागत नाही. नोंदणीकृत ॲग्रिगेटर संस्थेमार्फत प्रत्येक वापरणाऱ्याची नोंद व हिशेब राहतो. अशा केंद्रांना २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देऊ नयेत, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२५ मध्ये काढला आहे.

नोंदीचे महत्त्व कळावे म्हणून एक घटना सांगतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून. त्या घरात राहणाऱ्याचा कटाशी काही संबंध नव्हता, तरी पोलीस प्रथम त्याच्याच दारी आले. जोडणी ज्याच्या नावावर, जाब त्यालाच द्यावा लागतो. आपल्या वायफायवरून शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याने काय केले, हे आपणांस कळणारही नाही.

६. पाटकरी एकच असावा

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठी फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे एक मर्म असे, की शेतकरी आपल्या वावराला आपण पाणी घेत नाही. सर्वांच्या वतीने नेमलेला पाटकरी पाणी फिरवतो. त्यामुळे कोणी रात्री उठून बारे फोडत नाही. सामाईक इंटरनेटलाही असा एक पाटकरी लागतो. पासवर्ड त्याच्याच हाती असावा, तो एकट्यानेच बदलावा आणि हिशेबाची वही त्यानेच ठेवावी. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे.

पुढील बाबी एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात :

(१) जोडणी कोणाच्या नावावर व यंत्र कोणाच्या घरी.
(२) घरटी वर्गणी, ती भरण्याची तारीख, आणि न भरल्यास किती दिवसांनी जोडणी थांबेल.
(३) प्रत्येक घरी किती मोबाइल व टीव्ही जोडायचे. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला पहिला मान.
(४) शेजाऱ्यांसाठी यंत्रातील वेगळे 'पाहुणा' जाळे वापरायचे, म्हणजे एका घरची साधने दुसऱ्याला दिसणार नाहीत. सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवायची आणि यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा.
(५) पासवर्ड बाहेरच्याला द्यायचा नाही. कोणी बाहेर पडला की त्याच दिवशी बदलायचा.
(६) यंत्र बिघडल्यास खर्च निधीतून. निष्काळजीपणाने बिघडल्यास ज्याचा त्याने.
(७) बाहेर पडायचे असल्यास एक महिना आधी सांगायचे. भरलेल्या वर्गणीतील उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील की नाही, ते आताच लिहायचे.

भाऊबंदकीत असा कागद करायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण कागद अविश्वासाचा नसतो, तो आठवणीचा असतो. चार वर्षांनी कोण काय बोलले होते हे कोणालाच नीट आठवत नाही, आणि शंभर-दीडशे रुपयांसाठी बांधाला बांध असलेली माणसे एकमेकांच्या दारी जायची थांबतात. पिढ्यांचा शेजार एवढ्या किमतीला घालवणे कोणालाही परवडणारे नाही.

७. गाव मिळून काय करता येते

सहकाराच्या वाटेने याहून पुढेही जाता येते. इंग्लंडमध्ये उत्तर लँकशायरच्या खेड्यांत कंपन्या फायबर टाकीनात, तेव्हा २०११ साली तेथील लोकांनी 'बी-फोर-आर-एन' नावाची संस्था काढली. गावकऱ्यांनी भाग घेऊन भांडवल उभारले, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून तार न्यायला मोबदला न घेता वाट दिली आणि चर खणायला स्वतः हात लावला. भागधारक, भांडवल आणि श्रमदान या गोष्टी साखर कारखान्याच्या सभासदाला नव्या नाहीत. आपल्याकडे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे 'भारतनेट' झाली. तेव्हा स्वतंत्र खर्चात पडण्यापूर्वी आपल्या ग्रामपंचायतीत फायबर आले आहे का, चालू आहे का आणि त्यावरून घरगुती जोडणी मिळते का, याची चौकशी ग्रामसभेत अवश्य करावी.

सारांश, गरज आधी, हिशेब पुरा, परवानगी लेखी आणि पासवर्ड एकाच हाती. या चार गोष्टी सांभाळल्या तर सामाईक जोडणी सामाईक विहिरीसारखी सर्वांच्या कामी येईल.

— ऊसविकास विभाग