टोपणं तशीच होती

मला मूर्ख म्हणण्याआधी 2021 साल आठवा. आरटीएक्स 3080 या ग्राफिक्स कार्डाची कंपनीनं जाहीर केलेली किंमत 71 हजार. लॅमिंग्टन रोडवर मला सांगितली एक लाख तीस. वर, "घ्यायचं तर आत्ता घ्या साहेब, संध्याकाळी मिळणार नाही." आमचं बोलणं चालू असतानाच एक जण सुतळीनं बांधलेले सहा खोके उचलून गेला. सहाच्या सहा 3080. सहा मशिनवर एकटा कोण गेम खेळतो? मी मुकाट घरी आलो आणि जुन्या 1050 टीआयवर आणखी दीड वर्ष काढलं.

15 सप्टेंबर 2022 ला ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झालं आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. मी टपलेलोच होतो. ठाण्यातला एक मुलगा, तेच 3080, बत्तीस हजार. "दादा, फक्त गेमिंगला वापरलंय, तेही रविवारी." त्यानं माझ्यासमोर एचडीएमआय पोर्टवरचं काळं टोपण ओढून काढलं, केबल लावली, दहा मिनिटं गेम चालवून दाखवला. टोपण बघून मला वाटलं, पोरगं किती जपून वापरतं!

घरी तासाभरात स्क्रीनवर हिरवे ठिपके. मेमरीचं तापमान 110 अंश. कार्ड काढून टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांवर चिकट काळी धूळ, कडेनं थर्मल पॅडचं तेल सुटलेलं. आणि तिन्ही डिस्प्ले पोर्टवर टोपणं तशीच. चौथं तर माझ्यासमोरच निघालं होतं. मग हा रविवारी मॉनिटर लावत होता कुठे?

फोन केला. "माझ्याकडे तर चाललं ना? तुम्हीच बघून घेतलंत." दुसऱ्या दिवशी त्याचा डीपी गायब.

म्हणजे 2021 मध्ये ज्यांनी माझ्या तोंडचं कार्ड पळवलं, त्यांनीच ते पिळून काढून 2022 मध्ये मला विकलं.

तर आता ऐका. मायनिंग केलेलं प्रत्येक कार्ड टाकाऊ नसतं. जाणकार लोक वीज वाचवायला व्होल्टेज उतरवून चालवायचे, चिप सहसा टिकते. पण इथेरियमला लागायचा मेमरीचा वेग, म्हणून मार खाते ती मेमरी, आणि रात्रंदिवस फिरणारे पंखे. दहा मिनिटांत काही कळत नाही. अर्धा तास जड गेम चालवा आणि नुसत्या चिपचं नाही, मेमरीचंही तापमान बघा. 3080 वर ते शंभरच्या पुढे जात असेल तर उठा, चहासाठीसुद्धा थांबू नका. पोर्ट कोरे आणि पंखे मळके, तर समजून जा. कार्ड बंद करून पंखा बोटानं फिरवा. खरखरला तर किंमत पाडा. बिलावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबरशी ताडून बघा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का ते आधी विचारा. एकच माणूस चार कार्डं विकत असेल तर त्याच्या "रविवारी"वर विश्वास ठेवू नका. बाकी काय, घाई करू नका. हे मलाही माहीत होतं.

पॅड बदलले, मेमरीचा वेग उतरवला. कार्ड सध्या 92 अंशांवर आहे. एक पंखा अजून खरखरतो. ठाण्याचा तो म्हणेल, चालतंय ना?