आधी काम, मग मशीन

सांगलीत छापखाना काढला तेव्हा आम्ही आधी ऑफसेट मशीन घेतलं आणि मग काम शोधायला निघालो. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू झाला, काम यायला वेळ लागला. म्हणून आता कोणी नवा मुलगा विचारायला आला की मी सांगतो: डीटीपी, कटिंग मशीन, क्रीझिंग, नंबरिंग एवढ्यावर सुरुवात कर आणि छपाई बाहेरून करून घे. बाहेर दिलेली छपाईची बिलं सलग काही महिने हप्त्याच्या वर जाऊ लागली की मशीनचं बघ. कटिंग मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचं हवं. पत्रिकेची सुबकता तिथे ठरते, आणि दुसऱ्याच्या दारात रिमं घेऊन थांबणाऱ्याला दिलेली वेळ पाळता येत नाही.

भाव ठरवताना शेजारच्या छापखान्याचा दर विचारून त्याहून थोडं कमी सांगायची पद्धत आहे. ती सोडा. त्याचं मशीन कर्जातून सुटलेलं असतं, जागा वडिलोपार्जित असते; त्याचा दर तुम्हाला पुरणारच नाही. समजा, हप्ता, भाडं, वीज, ऑपरेटर आणि हेल्परचा पगार मिळून महिन्याला ६०,००० रुपये जातात. दुकान २०० तास उघडं असतं, म्हणून तासाला ३०० रुपये धरले जातात. पण मशीन कामावर ८० तासच असेल, तर तोच तास ७५० रुपयांना पडतो. दर या आकड्यावर बांधायचा.

प्लेट बसवणं, शाई जुळवणं, रजिस्टर लावणं, ब्लँकेट धुणं हा वेळही कामातच धरायचा. ताशी ५,००० च्या वेगाने हजार लेटरहेड १२ मिनिटांत निघतात, तयारीला मात्र अर्धा-पाऊण तास जातो. त्यामुळे पाचशे प्रतींची छपाई हजाराच्या निम्म्या पैशांत होत नाही. गिऱ्हाईक इथे हुज्जत घालतं. त्याला मशीनपाशी उभं करून तयारी दाखवली की बहुतेकांना पटतं.

कागद किलोवर येतो, आपण विकतो नगावर. लांबी आणि रुंदी इंचांत घेऊन गुणा, जीएसएमने गुणा, ३१०० ने भागा. ५०० शीटच्या रिमचं वजन किलोत मिळतं. २३ × ३६ चा ७० जीएसएम मॅपलिथो साधारण १८.७ किलो भरतो. खराबा वेगळा धरा. चार रंगांच्या कामात रंग आणि रजिस्टर जुळेपर्यंत जाणारे शीट काम छोटं म्हणून कमी होत नाहीत.

शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल बरं. पण मशीनसोबतचा, दर प्रतीमागे म्हणजे क्लिकमागे पैसे मोजायचा करार नीट वाचा: टोनर आणि ड्रम क्लिकच्या दरात आहेत का, ए३ च्या किती क्लिक मोजतात, रंगीत मोडवर गेलेलं काळं पान कोणत्या दराने लागतं, महिन्याची किमान क्लिकची अट काय.

जुनं ऑफसेट घेताना मशीन रिकामं फिरताना बघून भुलू नका. स्वतःचा कागद घेऊन जा, पातळही आणि ३०० जीएसएमचं कार्डही. पूर्ण शीटभर सॉलिड छापून मागा. रोलरचे पट्टे लगेच दिसतात. तोच शीट पुन्हा घालून क्रॉसवर क्रॉस बसतो का तेही बघा. ग्रिपर झिजलेले असतील तर तिथे कळतं.

पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे अहवाल ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम येतात. त्या गर्दीच्या मापाने मशीन घेऊ नका, ते उरलेलं वर्ष उभं राहील. जादा काम तेवढ्यापुरतं बाहेर द्या.

निवडणुकीच्या पत्रकांना कागदाचे पैसे हातात आल्याशिवाय प्लेट काढू नका. निकालानंतर हरलेला उमेदवार भेटत नाही. त्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क नुसार बंधनकारक आहे. प्रकाशकाचं सही केलेलं, दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत आधी घ्यावं लागतं. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कार्यकर्ता रात्री अकराला आला तरी हे कागद आधी, मग छपाई.